अक्का, तुम्ही करार मोडलात

अक्का,

जन्मभर तुम्ही एका जागी बसला नाहीत आणि परवा आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला बसवलं. आपल्या लिंगायत रीतीनं, मातीत, मांडी घालून, कपाळाला विभूती, हातावर लिंग. जंगम अय्या मंत्र म्हणत होते आणि मी वाट बघत होते, की आता ही बाई उठणार आणि म्हणणार, "सरका तिकडं, म्हशीची धार ऱ्हायलीय."

नाही उठलात. मग मला खरं वाटलं.

लोक येतात, वय विचारतात, मुलंबाळं किती ते विचारतात. ते सगळं त्यांना सांगून झालं आहे. इथं लिहीत नाही. तुमचं वय तुम्हालाच कधी ठाऊक नव्हतं, ते आता मी तुम्हाला कशाला सांगू?

हे पत्र तुम्हाला आहे, पण त्याच्या तीन झेरॉक्स प्रती निघतील. तिन्ही नातवंडं परदेशात. काल धाकटीनं फोनवर विचारलं, "आजी, अक्का म्हणजे तुझी बहीण ना?" नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या बायकोला जाऊ म्हणतात, आणि जावा-जावांचं सहसा पटत नसतं, हे तिला समजावता समजावता मला हसू आलं आणि मधेच रडू आलं. ती घाबरली. म्हणाली, "तू नक्की काय करतेस?" म्हटलं, तुला लिहूनच पाठवते.

तुमच्या ट्रंकेत एक कागद सापडला. पण ते शेवटी. मला क्रम सोडून काही सांगता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणी जाणत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आपल्याकडे निजामाचं राज्य. मी अणदूरला नांदायला येऊन पाच वर्षं झाली होती. सोलापूरच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, मॅट्रिक झालेली, धोब्याच्या कपड्यांचीसुद्धा यादी करणारी. यजमान गुलबर्ग्याला मास्तर, सुट्टीला तेवढे येत. घरात तुम्ही, थोरले भाऊजी, त्यांचं किराणा दुकान, पोरं आणि दोन म्हशी. तुम्ही मला "मड्डम" म्हणायचात. पहिलं वर्षभर ते टोचलं. पुढं कुणी गिरिजा म्हणून हाक मारली तर मीच इकडंतिकडं बघायची.

आश्विनात एकदा न्हाताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. न दुखण्याचीच मला जास्त धास्ती, कारण शाळेतल्या आमच्या एका बाईंना अशीच न दुखणारी गाठ आली होती आणि त्या वर्षाच्या आत गेल्या होत्या. माझी शांता तेव्हा दोन वर्षांची. मी कुणाजवळ बोलले नाही. कामाला लागले. ट्रंक आवरली, कपडे रचले, आणि मग स्वयंपाकघराकडं वळले. फडताळात बिस्किटांचे बारा पत्र्याचे डबे होते, सगळे एकसारखे. मी चिठ्ठ्या कापल्या, खळ लावून डब्यांना चिकटवल्या आणि टाकानं ठसठशीत लिहायला बसले: हळद, मीठ, जिरं.

तुम्ही शेणाचे हात धुऊन आत आलात.

"काय लिवायलीस?"

"डब्यांची नावं."

"कुणासाठी?"

"असू द्या."

"असू द्या कसं? मला वाचाय येत न्हाय. तुला वाचायची गरज न्हाय, भरलेस तूच. आमचे धनी चुलीकडं फिरकत न्हाईत. मग कुणासाठी?"

बोटाला खळ तशीच घेऊन मी उभी राहिले. एवढ्या साध्या हिशेबात मी सापडेन असं मला वाटलं नव्हतं. "माझ्यामागं जी येईल तिच्यासाठी," मी म्हणाले, आणि मग गाठीचं सगळं सांगून टाकलं.

तुम्ही माझ्या हातातला टाक काढून घेतलात. मग म्हणालात, "आणि ती येणारी वाचणारी असंल कशावरून?"

महिनाभरात मी पहिल्यांदा हसले, अक्का. खळ पदराला पुसली गेली, तरी हसत होते.

तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हशीचं सड तपासावं तशी ती गाठ दोन बोटांत धरून चाचपलीत, डोळे मिटून. "हालतीय," म्हणालात. "हालती गाठ बरी. आपल्या चंद्रीला आलती ती हालत नव्हती."

"चंद्रीचं काय झालं?"

"इकली," म्हणालात.

आठ दिवस एरंडाची पानं गरम करून बांधलीत. चिंचोका होता तेवढाच राहिला. सोलापूरला दवाखान्यात जायला हवं होतं, पण बाईच्या छातीचं नाव पुरुषांपुढं काढायची सोय नव्हती. तेव्हा तुम्ही एक उपाय काढलात. तुम्ही आंधळ्या झालात.

कशा झालात ते लिहिताना आत्ताही हसून माझं पोट दुखतं. भाऊजींच्या ताटात मीठ वाढायच्या जागी रांगोळी वाढलीत. दुकानात जाऊन गुळाच्या ढेपेवर बसलात. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला "मामंजी" म्हणून पदर घेतलात; मामंजींना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या दिवशी भाऊजी आपण होऊन म्हणाले, "सोलापूरला जाऊन डोळे दाखवून ये बघू. मड्डमला संगं ने, तिथं इंग्रजी बोलावं लागतंय."

तेव्हा पेट्रोल मिळत नसे. मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि चढावर उतारूंनाच खाली उतरून ढकलावं लागे. तुम्ही ढकललीत. मला हात लावू दिला नाहीत. आंधळी बाई मोटार ढकलतेय आणि डोळस बाई पदर सावरत मागून चालतेय, हे बघून ड्रायव्हर काय म्हणाला असेल कुणास ठाऊक.

दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्या इंग्रजीत विचारत, मी इंग्रजीत सांगे, आणि प्रत्येक वाक्यागणिक तुम्ही माझा दंड दाबून म्हणायचात, "काय म्हणली?" गाठ काढावी लागेल, त्या म्हणाल्या. मग ती मुंबईला जाईल, तिथं तिचा पातळ काप काढून काचेखाली बघतील, आणि वाईट आहे की साधी ते तीन आठवड्यांत कळेल. मी तुम्हाला सगळं सांगितलं, फक्त "वाईट" एवढा शब्द गाळला. तुम्ही म्हणालात, "आणि गाळलेलं काय ते बी सांग."

सुई टोचून जागा बधिर केली. नर्सनं तुम्हाला बाहेर जायला सांगितलं. "सुम्म कूड," तुम्ही तिलाच कानडीत गप्प बसवलंत आणि माझ्या उशाशी खाली बसलात. मला दुखत नव्हतं. पण कापलेलं कळत होतं, ओढल्यासारखं, कणीक तिंबताना परात सरकते तसं. मी इंग्रजी महिन्यांची नावं म्हणत होते. तुम्ही माझ्या कानाशी म्हशींच्या वेतांची उजळणी करत होता. ऑक्टोबर झाला तेव्हा बाईंनी चिमट्यात धरून गाठ बशीत ठेवली.

"दावा," तुम्ही म्हणालात. त्यांनी बशी पुढं केली. तुम्ही वाकून बघितलंत.

"एवढीच? हिच्यापायी माझे डोळे गेले व्हय?"

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की टाके घालायच्या आधी त्यांना पुन्हा हात धुवावे लागले.

दोन गोष्टी तुम्ही तिथंच ठरवून टाकल्यात. एक, पत्र तुमच्या नावानं पाठवायचं, कारण डोळे तुमचे. दुसरी, रिकाम्या नाकानं घरी जायचं नाही. बाजारातून तुम्ही चष्मा घेतलात, साध्या काचेचा, काळ्या काड्यांचा. तो घातल्यावर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की वाटलं, मी शाळा तपासणीसापुढं उभी आहे.

परत येताना सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात माल आणला की तिथं जकात. माझ्या पदराखाली पट्ट्यांचा हा एवढा थर. नाकेदाराला वाटलं कापडाचा तागा दडवून नेतेय. त्यानं तुम्हालाच विचारलं, "अम्मा, इस बाई के पदर में क्या हय?"

घरी सांगायला घोकून ठेवलेलं तुमच्या तोंडून तिथंच बाहेर पडलं. "मेरे आँखां का इलाज हुवा, साब!"

तो तुमच्याकडं बघे, माझ्याकडं बघे. "आँखां तुमारे, पट्टी इनकू?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "हव," म्हणालात. "नवा इलाज हय."

त्यानं कपाळावर हात मारला आणि आपल्याला सोडलं. पुढच्या वळणावर टाके तुटतील म्हणून मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

मग ते तीन आठवडे आले.

टाके निघाले, जखम भरली, मात्र मी भरून येईना. सकाळी पोष्टमन येऊन गेला की माझा दिवस सुरू व्हायचा, कारण आता उद्यापर्यंत तरी काही कळणार नाही. मी शांतेला तिच्या लग्नात उघडायचं पत्र लिहिलं. ती न्हाती झाल्यावर उघडायचं दुसरं लिहिलं. तिसऱ्याला तुम्ही दौतच पळवलीत. "शाई म्हागलीय," म्हणालात. रोज काहीतरी कठीण काम माझ्यापुढं आणून टाकायचात: गुंतलेली सुतळी सोडव, बाजरीतले राळे वेगळे कर. एके दिवशी तर तुम्ही स्वतःच मटकीत मूग मिसळून आणलेत. मी बघितलं होतं. तरी निवडत बसले.

मार्गशीर्ष लागला. आपला खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला जाऊन राहतो आणि बाकीचं वर्ष अणदूरला. पण तो असातसा जात नाही. दोन्ही गावचे मानकरी बसतात, कागद होतो: देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा. कागद वाचून झाल्याशिवाय पालखी हलत नाही. त्या दिवशी तुम्ही देवळात गेलात. मी गेले नाही. एकटी घरात बसवेना, म्हणून फडताळातले बाराही डबे खाली काढले आणि वर्णमालेप्रमाणे नव्यानं लावले. खसखस पहिली, हळद शेवटी. त्यानं जिवाला थोडं बरं वाटलं. असल्या गोष्टींनी मला बरं वाटतं, काय करू?

तुम्ही परत आलात ते कपाळभर भंडारा घेऊन. हातात माझी पळवलेली दौत.

"मड्डम, कागद घे. करार लिव."

"कसला करार?"

"देव असून त्याला कागदाबिगर गाव सोडता येत न्हाय. तू कोण लागून गेलीस?"

मी म्हटलं, अक्का, चेष्टा नको. तुमच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी लिहायला बसले. लिहून घेणार बसव्वा, लिहून देणार गिरिजा. मी माझ्या थोरल्या जावेच्या लेखी संमतीशिवाय हे घर सोडून कुठंही जाणार नाही.

"वर किंवा खाली, असं घाल," तुम्ही म्हणालात. घातलं.

लिहिताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "करार दोन्ही बाजूंनी असतो. तुम्हीही लिहून द्या."

"मला कुठं जायचंय?"

"तरीपण."

म्हणून खाली तुमचं कलम आलं: मी बसव्वा, गिरिजाच्या लेखी संमतीशिवाय कुठंही जाणार नाही, वर किंवा खाली. मी सही केली. तुम्ही काजळात अंगठा बुडवून उठवलात. शांता मधे मधे करत होती, तिचाही पंजा काजळात बुडवून साक्षीदार म्हणून उमटवला. पोरांनो, तुमच्या आईनं आयुष्यात दिलेली ती पहिली साक्ष. नंतर तिनं तोच पंजा भिंतीवरही दिला.

कागद वाळल्यावर तुम्ही त्याची घडी घालून पोलक्यात ठेवलीत. "आता थांब," म्हणालात. फडताळापुढं गेलात, चष्मा सरळ केलात, डब्यांच्या रांगेवरून नजर फिरवलीत, शेवटचा डबा काढलात आणि हळदीत हात घालून एक पाकीट बाहेर ओढलंत.

"सकाळी दुकानात आलंय."

तुम्हीच पाकीट फाडलंत, माझ्या हातात पत्र दिलंत आणि समोर बसलात. चार ओळींचं पत्र. पहिल्या ओळीत प्रकृतीची चौकशी. दुसरीत लिहिलं होतं की गाठ साधी आहे, वाईटाचं कोणतंही चिन्ह नाही. पुढच्या दोन ओळी मला वाचताच आल्या नाहीत.

"काय म्हणती?"

"साधी आहे. अक्का, साधी आहे."

"मग रडतीस कशाला? हळद डोळ्यात जाईल."

त्या दिवशी भाऊजींनी दुकानातून ओरडून विचारलं, "डोळ्याचं काय आलं गं?" तुम्ही ओरडून सांगितलंत, "निर्मळ हायत म्हणं!" आणि पुरण शिजायला घातलंत. तेवढ्यात तुम्ही मला दिसेनाशा झालात. मी गोठ्यात डोकावले. तुम्ही म्हशीच्या मानेवर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि ती शांतपणे तुमचा पदर चघळत होती. मी पाय न वाजवता मागं फिरले. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगते. पदर फाटला कसा म्हणून तुम्ही शांतेला रागावलात, तेव्हाही गप्प राहिले. तेवढी तिची माफी मागायची राहिली आहे.

पण भांडण मात्र पन्नास वर्षं चाललं. दरवर्षी पालखी निघाली की मी काढायची. "पत्र लपवून करार करून घेतलात. फसवून घेतलेला करार कायद्यात टिकत नाही."

"टिकला न्हवं?"

"दिवसभर मला टांगून ठेवलंत."

"आदी करार, मग पालखी. देवाचं बी तसंच असतंय."

एकदाच मी विचारलं, "आणि पत्रात वाईट असतं तर?"

तुम्ही शेंगा फोडत होता. मान वर न करता म्हणालात, "तर करार व्हताच की."

तरीही भांडण काही मी सोडलं नाही.

सरहद्द गेली, नाका गेला, निजामही गेला. चष्मा राहिला. खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही तो रोज घालत गेलात आणि पुढं सवय झाली. साठीला खरोखरच नंबर लागला तेव्हा त्याच काड्यांत नव्या काचा बसवल्यात आणि म्हणालात, "बघ, आदीच घेतलेला बरा." यजमानांना मी गाठीचं सांगितलं ते दहा वर्षांनी. भाऊजींना आपण दोघींनीही कधीच सांगितलं नाही.

आता तो कागद.

तुमच्या ट्रंकेत, इरकली लुगड्याच्या घडीत. एका बाजूला माझं वळणदार अक्षर, तुमचा अंगठा, शांतेचा पंजा. तुम्हाला लिहायला शिकवायचा मी किती हट्ट धरला होता! पाटी आणली, पेन्सिल आणली. तुम्ही दरवेळी म्हणायचात, "अंगठा बरा. तो इसरत न्हाय." मी कागद उलटला. मागं पेन्सिलनं लिहिलेलं होतं. वाकडंतिकडं, कुठं कागद फाटेपर्यंत दाबून, काही ओळी जुन्या पुसट, काही नव्या. हळद. मीठ. साखर. जिरं. बाराच्या बारा डबे. आणि सगळ्यांत खाली, कितीदा तरी खोडून, तुमचं नाव: बसवा. ब बडीशेपेतला, स खसखशीतला, वा रव्यातला. दुसरा व कुठल्याच डब्यावर नव्हता, म्हणून तो राहिला.

मी जमिनीवर बसले आणि मला फडताळापुढं उभ्या तुम्ही दिसलात. डबे मी दुपारीच हलवले होते. तुम्ही देवळात होता. सगळे डबे एकसारखे, आणि तुम्ही एकाही डब्याचं झाकण न उघडता हळदीला हात घातलात. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, अक्का. माझ्यामागं येणारीसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या तुम्ही वाचायला लागला होता, आणि मला पन्नास वर्षं कळलं नाही. डोळे माझेच तपासायला हवे होते.

एवढं का लपवलंत? मी गुण द्यायला बसेन म्हणून? खरं आहे. दिले असते. आजही देते: बारापैकी बारा.

आता कामाचं. करार मी पुन्हा नीट वाचला. तुम्ही माझ्या लेखी संमतीशिवाय गेलात. कलम सरळ मोडलंत. मी रागावणार होते, पण बसवलेलं तुमचं रूप आठवलं, इतकं निवांत मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र माझी संमती समजा, तारीख मागची घाला. जा.

माझ्या कलमाचं मात्र अवघड झालं आहे. मला तुमच्या लेखी संमतीशिवाय कुठंही जाता येत नाही, आणि लिहिता येत असूनही तुम्ही ती दिली नाहीत. कागद दोन्ही बाजूंनी तपासला. मीठ आहे, जिरं आहे, संमती नाही. तेव्हा पोरांनो, काळजी करू नका, तुमची आजी इथंच आहे.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या पार फिकट झाल्यात. उद्या खळ शिजवते आणि नव्या लावते.

तुमची,
मड्डम